क्रेनचा रिमोट मध्येच सुटतो तेव्हा: डेटा लॉग लावून कारण कसं शोधायचं

बेळगावजवळच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा, काकती, कुठल्याही भागातल्या फौंड्रीत मेंटेनन्सला नव्यानं लागलात की पहिल्या काही आठवड्यांतच ही तक्रार तुमच्याकडे येणार: "साहेब, रिमोट सुटतोय." ऑपरेटर बटण दाबून उभा असतो, क्रेन मध्येच थांबते, मेन कॉन्टॅक्टर (क्रेनची मुख्य वीज जोडणारा-तोडणारा स्विच) पडल्याचा आवाज येतो आणि थोड्या वेळानं सगळं पूर्ववत होतं. तुम्ही शिडी चढून पॅनेलपर्यंत पोचता तोवर तिथे बघण्यासारखं काही उरलेलं नसतं. मग कुणी बॅटरी बदलतं, कुणी अँटेना वाकवून बघतं, कुणी नव्या सेटचं कोटेशन मागवतं. बिघाड जिथे होता तिथेच राहतो.

रेडिओ रिमोटवर चालणाऱ्या ईओटी क्रेन (शेडमध्ये वरच्या रुळांवर फिरणाऱ्या), हॉइस्ट आणि साखर कारखान्यांतल्या ऊस उतरवणाऱ्या क्रेन सांभाळणाऱ्या नव्या फिटर, वायरमन आणि इंजिनिअर मुलांसाठी हे लिहितोय. माझी सगळी पद्धत एका प्रश्नावर उभी आहे: सगळ्यात आधी काय पडलं? रेडिओचा सिग्नल, रिसीव्हरचा सप्लाय, रिले, की हँडसेटचंच बटण? हे सगळं एक-दोन सेकंदांत एकामागून एक घडतं आणि डोळ्याला एकदमच दिसतं. त्याचा क्रम फक्त लॉगमध्ये दिसतो.

१. रिमोट कशाकशानं थांबतो ते आधी समजून घ्या

हँडसेट चालू असताना तो सतत छोटे छोटे पॅकेट पाठवत असतो. प्रत्येक पॅकेटमध्ये त्या सेटचा पत्ता, कुठलं बटण दाबलंय ते, आणि शेवटी तपासणीचा आकडा असतो. रिसीव्हर पत्ता आणि आकडा जुळवतो, जुळले तरच ते पॅकेट मानतो. या व्यवस्थेत क्रेन थांबायची पाच वेगळी कारणं असू शकतात.

पहिलं, ऑपरेटरनं लाल स्टॉप बटण दाबलं. याला अॅक्टिव्ह स्टॉप म्हणतात. हँडसेट स्वतः "थांब" असं सांगतो. दुसरं, ठरलेल्या वेळात एकही बरोबर पॅकेट आलं नाही. हा पॅसिव्ह स्टॉप. ही वेळ साधारण अर्ध्या सेकंदापासून दोन सेकंदांपर्यंत असते. तुमच्या सेटचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये शोधून लिहून ठेवा, पुढे तो फार कामाला येणार आहे. तिसरं, हँडसेट बराच वेळ न वापरल्यामुळे आपोआप बंद झाला. चौथं, रिसीव्हरचाच सप्लाय क्षणभर गेला. आणि पाचवं, रिमोट ठणठणीत आहे, पण पुढचा कॉन्टॅक्टर, ओव्हरलोड रिले किंवा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) पडला.

ऑपरेटरच्या तोंडी या पाचही गोष्टींना एकच नाव असतं: "रेंज गेली." त्यात त्याची चूक नाही. खाली उभं राहून त्याला क्रेन थांबलेलीच दिसते. वेगळं करणं हे आपलं काम.

२. हाताशी ठेवायची कागदं आणि साहित्य

कागदं:
- रिमोट सेटचं मॅन्युअल, त्यात एरर कोडचं पान असलेलं
- हँडसेट आणि रिसीव्हर दोन्हींचे सीरियल नंबर, पत्ता आणि चॅनेल नंबर
- क्रेनच्या पॅनेलचं वायरिंग ड्रॉइंग. जुन्या क्रेनचं ड्रॉइंग आणि प्रत्यक्ष वायरिंग बहुतेकदा जुळत नाही, तेव्हा टर्मिनल नंबर स्वतः तपासून पेन्सिलीनं दुरुस्त करा
- सेटच्या रेडिओ मंजुरीची, म्हणजे ईटीएची, प्रत
- क्रेनचा शेवटचा तपासणी दाखला. उचलण्याच्या यंत्रांची सक्षम व्यक्तीकडून ठरलेल्या मुदतीत कसून तपासणी व्हावी लागते (जुन्या फॅक्टरी अॅक्टच्या कलम २९ मध्ये ती १२ महिन्यांतून निदान एकदा होती)

साहित्य:
- रिसीव्हरला लॉग काढायची सोय असेल तर त्याची केबल आणि सॉफ्टवेअर
- वेगळा डेटा लॉगर किंवा छोटा पीएलसी (यंत्र चालवणारा प्रोग्रॅम करता येणारा कंट्रोलर), ज्याला निदान चार डिजिटल आणि एक अॅनालॉग इनपुट आहे
- इंटरपोजिंग रिले (पॅनेलचा व्होल्टेज आणि लॉगरचा इनपुट वेगळे ठेवणारा मधला रिले), शील्ड असलेली केबल, फेरुल
- लॉगरसाठी स्वतंत्र बॅटरी
- चांगला मल्टिमीटर
- एक वही, दोरीनं पेन बांधलेली

ईटीएचा कागद मी मुद्दाम यादीत घातलाय. आपल्याकडे असे रिमोट लायसन्सशिवाय चालतात ते ठरलेल्या पट्ट्यांत, जसं की ४३३ ते ४३४ मेगाहर्ट्झ (कमी पॉवरचा, इमारतीच्या आतला वापर), ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ आणि २.४ गिगाहर्ट्झ. जुन्या मशिनरीबरोबर बाहेरून आलेला ९१५ मेगाहर्ट्झचा सेट कुठे कुठे सापडतो. तो अमेरिकेच्या पट्ट्यातला. आपल्याकडे त्याचा काही भाग मोबाइलच्या ९०० बँडवर येतो. असा सेट सापडला तर लॉग लावत बसू नका, तो बदलण्याचीच शिफारस करा.

३. जीव आधी

लॉगर जोडताना क्रेन रिकामी, मेन आयसोलेटर बंद, कुलूप आणि टॅग लावलेला, सेफ्टी बेल्ट अंगावर. लॅडलमध्ये लोखंडाचा रस असताना कुठलीही चाचणी नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. पॅसिव्ह स्टॉप ही क्रेनची सुरक्षा आहे. "प्रॉडक्शन थांबतंय, तेवढं जंपर टाक," असं कुणीही सांगितलं, अगदी मालकानं सांगितलं, तरी लिंक रिले किंवा स्टॉप रिलेला बायपास करायचं नाही. सिग्नल गेला आणि क्रेन चालतच राहिली तर खाली माणूस असतो. वेळ वाढवायचं सेटिंग असेल तरी तेही उत्पादकाला लेखी विचारल्याशिवाय हलवू नका.

४. सगळी घड्याळं एकाच वेळेवर आणा

रिसीव्हरच्या लॉगचं घड्याळ, लॉगरचं घड्याळ, व्हीएफडीच्या फॉल्ट हिस्टरीचं घड्याळ, लॅपटॉप आणि ऑपरेटरजवळचा मोबाइल, ही पाचही घड्याळं वेगवेगळी चालतात. ती जुळवली नाहीत तर क्रम कळत नाही, आणि क्रम कळला नाही तर लॉग हा नुसता आकड्यांचा ढीग.

मोबाइलची वेळ नेटवर्कवरून येते, ती प्रमाण माना. बाकीची तिच्याशी जुळवा. ज्यांचं घड्याळ बदलताच येत नाही, त्यांचा फरक वहीत लिहा: "रिसीव्हर मोबाइलच्या ४ मिनिटं १० सेकंद मागे." आणि एक युक्ती: लॉग चालू करताना आणि बंद करताना रिकाम्या क्रेनवर स्टॉप बटण तीनदा, पाच-पाच सेकंदांच्या अंतरानं दाबा, दर वेळी परत चालू करून. ही तिहेरी खूण रिसीव्हरच्या आणि लॉगरच्या फायलींत उमटते. ती एकमेकांखाली धरली की फायली आपोआप जुळतात आणि मधल्या काळात कुठलं घड्याळ किती घसरलं तेही समजतं.

५. काय काय नोंदवायचं

रिसीव्हरला स्वतःचा लॉग असेल तर त्यातून सिग्नलची ताकद म्हणजे आरएसएसआय, चुकलेल्या पॅकेटांचा आकडा, हँडसेटच्या बॅटरीची पातळी आणि थांबण्याचा कोड घ्या. स्वस्तातल्या बऱ्याच सेटना ही सोय नसते. नसली तरी काम अडत नाही, कारण खालचे सिग्नल बाहेरून घेता येतात:

- रिसीव्हरचा लिंक रिले, म्हणजे "हँडसेट जोडलेला आहे" सांगणारा
- मेन कॉन्टॅक्टरचा मोकळा ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट
- जी हालचाल करताना बिघाड होतो तिचा आउटपुट: हॉइस्ट (वर-खाली), क्रॉस ट्रॅव्हल (शेडच्या रुंदीत) किंवा लाँग ट्रॅव्हल (शेडच्या लांबीत)
- व्हीएफडीचा फॉल्ट कॉन्टॅक्ट
- रिसीव्हरच्या सप्लायचा व्होल्टेज, अॅनालॉग इनपुटवर

यातलं एकच घेता येणार असेल तर सप्लाय घ्या. नवखे लोक नेमका तोच सोडतात, कारण तक्रार रेडिओची असते.

६. लॉगर जोडताना होणाऱ्या चुका

वेग. दर सेकंदाला एक नोंद घेणारा लॉगर या कामाचा नाही. सप्लाय ५० मिलिसेकंद जातो आणि परत येतो. सेकंदाच्या लॉगरला त्याची गंधवार्ताही लागत नाही. डिजिटल सिग्नल बदलला की लगेच नोंद होईल असा इव्हेंट मोड लावा, किंवा १० ते २० मिलिसेकंदांचा स्कॅन ठेवा. छोटा पीएलसी वापरत असाल तर नोंद त्याच्या आतच करा. लॅपटॉपवर यूएसबी कन्व्हर्टरनं घेतलेल्या वेळेवर मिलिसेकंदांसाठी विसंबू नका. अनेक कन्व्हर्टर डेटा १६ मिलिसेकंदांपर्यंत धरून ठेवतात आणि विंडोज आपला वेळ त्यात घालतं.

लॉगरचा सप्लाय. ज्या २४ व्होल्टवर रिसीव्हर चालतो त्याच २४ व्होल्टवर लॉगर लावला तर सप्लाय गेल्यावर दोघंही एकदम झोपतात आणि महत्त्वाचा क्षणच नोंदला जात नाही. लॉगरला वेगळी बॅटरी द्या.

जोडणी. स्टॉपच्या सर्किटमध्ये काहीही सिरीजमध्ये घालायचं नाही. मोकळा ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट नसेल तर कॉन्टॅक्टरला वरून बसणारा ऑक्झिलरी ब्लॉक लावा. क्रेनच्या पॅनेलमध्ये कंट्रोल बहुतेकदा ११० व्होल्ट एसीचा असतो. तो थेट २४ व्होल्टच्या इनपुटला दिला तर इनपुट जळतो. इंटरपोजिंग रिले घालताना हेही ध्यानात ठेवा की रिलेला स्वतःलाच चालू-बंद व्हायला काही मिलिसेकंद लागतात. म्हणून सगळ्या चॅनेलवर एकाच जातीचे रिले वापरा, म्हणजे उशीर सगळीकडे सारखाच राहील आणि क्रम बिघडणार नाही.

केबल. लॉगरची वायर मोटरच्या किंवा व्हीएफडीच्या आउटपुट केबलला चिकटून नेऊ नका. ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा.

जोडून झालं की लॉगर काढलेला असताना आणि लावलेला असताना, दोन्ही वेळा स्टॉप बटण चालतं का ते तपासा. मगच क्रेन शिफ्टच्या ताब्यात द्या.

७. ऑपरेटरची वही

लॉगरला वेळ कळते, जागा कळत नाही. जागा ऑपरेटरला माहीत असते. वहीत पाच रकाने आखा: वेळ, क्रेन कुठल्या खांबाजवळ, कुठली हालचाल चालू होती, ऑपरेटर कुठे उभा होता, आजूबाजूला काय चालू होतं (भट्टी, वेल्डिंग, शेजारची क्रेन). शेडच्या खांबांवर ऑइल पेंटनं मोठे नंबर टाकून घ्या.

आपल्याकडे एकाच शिफ्टमध्ये एकाला मराठी, दुसऱ्याला कन्नड आणि तिसऱ्याला हिंदीच लिहिता येते. रकान्यांची नावं तिन्ही भाषांत लिहा, आणि मुलांना सांगा की अक्षरं जमत नसतील तर फक्त वेळ आणि खांबाचा नंबर लिहिला तरी चालेल. माझ्या अनुभवात वही भरली जाणं न जाणं हे सुपरवायझरच्या वागण्यावर ठरतं. नोंद केल्यावर "तूच बटण सोडलं असशील" असं ऐकावं लागलं की दुसऱ्या दिवसापासून पान कोरं. "ही वही चूक पकडायला नाही," हे पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगा, आणि तसंच वागा.

८. किती काळ चालवायचं

निदान एक पूर्ण आठवडा, सगळ्या शिफ्टसह. भट्टीचा भार, शेजारच्या शेडचं काम, रात्रीचा व्होल्टेज, सगळं शिफ्टप्रमाणे बदलतं. पहिल्याच दिवशी दोन बिघाड पकडले म्हणून लॉगर उतरवू नका; एकाच क्रेनवर दोन वेगळी कारणं एकत्र असणं अगदी नेहमीचं आहे.

फाइल सीएसव्ही असेल तर मूळ फाइल तशीच जपा आणि कॉपीवर काम करा. एक्सेल ती उघडताना तारखेतला दिवस आणि महिना उलटा करू शकतो आणि मिलिसेकंद दाखवत नाही. वेळेचा रकाना आधी मजकूर म्हणून आयात करा.

९. लॉग वाचणं

इथे घाई करू नका. प्रत्येक बिघाडाच्या आधीचे पाच सेकंद आणि नंतरचे पाच सेकंद कापून वेगळे काढा आणि एकाखाली एक मांडा. एक नमुना बघू.

२२:१४:०३.१२०: सप्लाय २३.८ व्होल्ट, लिंक चालू, मेन चालू, सिग्नल −६२ डीबीएम
२२:१४:०३.१४०: सप्लाय ९.४ व्होल्ट, लिंक चालू, मेन चालू
२२:१४:०३.१८०: लिंक बंद
२२:१४:०३.२००: मेन बंद
२२:१४:०३.२४०: सप्लाय २३.८ व्होल्ट
२२:१४:०५.९००: लिंक चालू

सप्लाय आधी पडला हे सरळ दिसतंच. पण समजा सप्लायचा रकाना नसता, तरी हा बिघाड रेडिओचा नाही हे सिद्ध करता आलं असतं. सिग्नल −६२ डीबीएम, म्हणजे दणदणीत (हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरात). आणि या सेटचा पॅसिव्ह स्टॉपचा वेळ अर्धा सेकंद असेल, तर शेवटच्या चांगल्या पॅकेटनंतर अर्धा सेकंद उलटल्याशिवाय लिंक रिले पडूच शकत नाही. इथे तो ६० मिलिसेकंदांत पडला. म्हणजे तो रिसीव्हरनं पाडलेला नाही, त्याची वीजच गेली. नंतरचे अडीच-तीन सेकंद म्हणजे रिसीव्हर पुन्हा सुरू व्हायला लागलेला वेळ. मॅन्युअलमधला तो आकडा लिहून ठेवा म्हणालो, तो यासाठी.

आता वही उघडा. असे बिघाड लाँग ट्रॅव्हल चालू असताना, त्याच-त्याच खांबाजवळ होत असतील तर डीएसएल बसबारकडे, म्हणजे शेडच्या लांबीभर क्रेनला वीज देणाऱ्या पट्ट्यांकडे बघा. जॉइंट उंच-सखल झालेला असतो, त्यावरून वीज उचलणाऱ्या कलेक्टरचा ब्रश झिजलेला असतो, स्प्रिंग ढिली असते, आणि तिथून जाताना कलेक्टर क्षणभर उचलला जातो. फौंड्रीची काळी धूळ त्यात भर घालते. मोटर तो धक्का जडत्वावर निभावून नेते, पण रिसीव्हर नेत नाही. "रेंज जाते" म्हणून आलेल्या तक्रारींत हे कारण मला इतक्यांदा भेटलंय की मी अँटेनाच्या आधी कलेक्टर बघतो.

सप्लाय ठीक आहे, आणि लिंक पडण्याआधी सिग्नल हळूहळू खाली जातोय, −७०, −८५, −९८, आणि सोबत चुकलेली पॅकेटं वाढतायत, तर हा खरा रेंजचा बिघाड. डीबीएमचा हिशेब सोपा ठेवा: दर १० नं खाली गेलं की पॉवर दहापट कमी. इथे अँटेना तपासा. तो लोखंडी पॅनेलच्या आत बसवलेला आहे का? कनेक्टर ढिला आहे का, आत हिरवा गंज आहे का? पावसाच्या थेंबांनी या फ्रिक्वेन्सीला काही होत नाही. पण जून ते सप्टेंबरच्या आपल्या पावसात, खानापूर भागात तर जास्तच, कनेक्टरमध्ये ओल शिरते आणि सिग्नल तिथेच जिरतो. पावसाळ्यात वाढणारी आणि उन्हाळ्यात नाहीशी होणारी तक्रार बहुधा इथलीच. ४३३ मेगाहर्ट्झला लहर साधारण ६९ सेंटिमीटरची, म्हणून पाव लहरीचा अँटेना सुमारे १७ सेंटिमीटर भरतो. तुटलेल्या अँटेनाऐवजी कुणी हाताला लागलेली वायर लावली असेल तर ती पट्टीनं मोजली की कळतं.

सिग्नल एकदम कोसळतो आणि ऑपरेटर थोडा सरकला की परत येतो, असं दिसलं तर तो शेडचा परिणाम. पत्रा, गर्डर आणि रचलेले मोल्ड बॉक्स यांवरून लहरी परततात आणि काही जागी एकमेकींना मारतात. ४३३ वर अशा दोन जागांमध्ये फूटभराचं अंतर असू शकतं. ऑपरेटर रिसीव्हरकडे पाठ करून, हँडसेट पोटाशी धरून उभा असेल तर शरीरही सिग्नल अडवतं. रिसीव्हरचा अँटेना गर्डरच्या खालच्या अंगाला, मोकळ्यावर, उभा बसवला की यातलं बरंचसं मिटतं.

चौथा प्रकार सगळ्यात फसवा: सिग्नल चांगला, −६० च्या आसपास, आणि तरी पॅकेटं धडाधड चुकतायत. गणपतीच्या मिरवणुकीत शेजारचा माणूस कानाशी ओरडतो, आवाज पोचतो पण शब्द कळत नाही, तसं. आरएसएसआय हा त्या चॅनेलवरच्या एकूण ताकदीचा आकडा आहे. ती ताकद आपल्याच हँडसेटची असेल असं नाही. उद्यमबागेत शेडला शेड लागून आहेत. भिंतीपलीकडच्या क्रेनचा सेट त्याच चॅनेलवर असेल तर नेमकं हेच दिसतं. खात्री करायला आपला हँडसेट बंद ठेवून आरएसएसआय नोंदवा. आपण गप्प असताना आकडा −११० च्या आसपास हवा. तो −७० दाखवत असेल तर दुसरं कुणीतरी बोलतंय. ४३३ आणि ८६५ साठी स्वस्तातला यूएसबीवरचा एसडीआर रिसीव्हर (सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ) लॅपटॉपला लावला की ते डोळ्यांनी दिसतं. साधा आरटीएल चिपचा डोंगल साधारण १.७ गिगाहर्ट्झपर्यंतच ऐकतो, म्हणून २.४ गिगाहर्ट्झच्या सेटला तो उपयोगी नाही. तिथे आधी वायफायच्या चॅनेलवर संशय घ्या.

शेजाऱ्याकडे जाऊन त्यांचा चॅनेल विचारा. लाजू नका, त्यांनाही तीच तक्रार असते. आजूबाजूच्या चार-पाच कारखान्यांनी मिळून चॅनेलची एक यादी केली आणि प्रत्येकाच्या पॅनेलवर चिकटवली तर पुढच्या सगळ्यांचे कष्ट वाचतात. मात्र दोन सेटचा पत्ताही एकच निघाला, तर विषय गंभीर आहे: एका हँडसेटनं दुसरी क्रेन हलू शकते. दोन्ही क्रेन तिथल्या तिथे थांबवा आणि उत्पादकाला कळवा.

पाचवा प्रकार: लॉगमध्ये थांबण्याचा कोड अॅक्टिव्ह स्टॉपचा आहे, पण ऑपरेटर शपथेवर सांगतो की लाल बटणाला हात लावला नाही. त्याच्यावर विश्वास ठेवा. पडून पडून हँडसेटच्या स्टॉप बटणाचा कॉन्टॅक्ट सैल झालेला असतो, किंवा आत ग्रॅफाइटची धूळ गेलेली असते. हँडसेट हलकेच झटकून कोड पुन्हा येतो का बघा.

बॅटरीचा रकाना असेल तर तोही एकदा नजरेखालून घाला. जुनी बॅटरी चार्जरवर पूर्ण भरल्याचं दाखवते आणि शिफ्टच्या मध्यातच घसरते. बिघाड नेहमी बॅटरी लावल्यापासून ठरावीक तासांनी होत असतील तर आणखी काही शोधू नका.

भट्टी आणि वेल्डिंगबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. इंडक्शन भट्टी शेकड्यांपासून काही हजार हर्ट्झवर चालते. ती ४३३ मेगाहर्ट्झच्या रेडिओला हवेतून थेट दाबून टाकत नाही. तिचा त्रास होतो तो सप्लायमधून आणि कंट्रोल वायरिंगमधून. वहीत "भट्टी चालू" असं सारखं येत असेल तर लॉगमध्ये सप्लायचा रकाना बघा, आणि रिसीव्हरला चांगल्या एसएमपीएसमधून (एसीचा डीसी करणाऱ्या पॉवर सप्लायमधून), लाइन फिल्टर लावून वीज द्या. तसंच क्रेनवरच्या कॉन्टॅक्टरच्या आणि ब्रेकच्या कॉइलला आरसी सर्ज सप्रेसर (कॉइल बंद होतानाचा व्होल्टेजचा झटका दाबणारे) आहेत का ते पाहा. ब्रेक सुटण्याच्या क्षणीच बिघाड होत असेल तर पहिला संशय तिथे.

१०. रिसीव्हरपासून पुढची वायर

नव्या क्रेनमध्ये रिसीव्हर व्हीएफडीशी आरएस-४८५ या दोन तारांच्या (ए आणि बी) डेटा लाइनवर, मॉडबस या भाषेत बोलतो. रेडिओ ठीक, लिंक रिले चालू आणि व्हीएफडीवर कम्युनिकेशन फॉल्ट, असा क्रम असेल तर रेडिओ सोडा आणि ही वायर धरा. सप्लाय बंद करून ए आणि बी यांच्यामध्ये रेझिस्टन्स मोजा. दोन्ही टोकांना १२० ओहमचे टर्मिनेटर रेझिस्टर असतील तर सुमारे ६० ओहम भरतो. १२० आला तर एक टर्मिनेटर नाही. ४० आला तर कुणीतरी मध्ये तिसरा घातलाय. शील्ड एकाच टोकाला अर्थ करावी की दोन्ही, ते व्हीएफडीच्या मॅन्युअलप्रमाणे करा. मॉडबसचा लॉग घेताना सीआरसी (संदेशातला तपासणीचा आकडा) चुका आणि उत्तर न आलेल्या विनंत्या वेगवेगळ्या मोजा: सीआरसी चुकत असेल तर बहुधा वायरवर नॉइज आहे, उत्तरच येत नसेल तर पत्ता, बॉड रेट किंवा तुटलेली वायर.

११. एका वेळी एकच बदल

कारण सापडल्यासारखं वाटलं की हात शिवशिवतात. अँटेना बाहेर काढला, चॅनेल बदलला, ब्रशही नवे घातले, आणि बिघाड थांबला. आता नक्की कशानं थांबला? पुढच्या क्रेनवर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून एक बदल करा, तितकाच काळ, तशाच कामावर लॉग चालवा आणि आधीच्या आठवड्याशी ताडून बघा. अपवाद एकच: सुरक्षेचा दोष दिसला तर तो त्याच क्षणी दुरुस्त करायचा, लॉगसाठी थांबवायचा नाही.

साखर कारखान्यात गळीत हंगाम चालू असताना क्रेन थांबवायला कुणी तयार नसतं. तिथे लॉगर हंगामात चालू ठेवा आणि बदलांची यादी करून ठेवा. कलेक्टर आणि केबलची मोठी कामं हंगाम संपल्यावरच्या ओव्हरहॉलमध्ये घ्या.

१२. सप्लायरला काय पाठवायचं

सर्व्हिस इंजिनिअर पुण्याहून किंवा बंगळूरहून येणार असतो, आणि तो आला की बिघाड नेमका होत नाही. बोलावण्याआधी एकाच मेलमध्ये हे पाठवा: दोन्ही सीरियल नंबर, मूळ लॉग फाइल, घड्याळांमधला फरक, निवडक बिघाडांचे दहा-दहा सेकंदांचे तुकडे, वहीच्या पानांचे फोटो, अँटेना आणि पॅनेलचे फोटो, आणि आतापर्यंत केलेले बदल तारखेसह. "रिमोट खराब आहे" असं लिहू नका. लिहा: "सप्लाय २३.८ व्होल्टवर स्थिर असताना, सिग्नल −६२ असताना, कोड अॅक्टिव्ह स्टॉपचा येतो." अशा ओळीवर तिकडचा माणूस थेट हँडसेटच्या बटणावर येतो, आणि बऱ्याचदा इंजिनिअरऐवजी नुसता सुटा भागच कुरिअरनं पोचतो.

मेल पाठवताना वॉरंटीची तारीख वर टाका. वॉरंटी संपेपर्यंत रिसीव्हरचं सील उघडू नका.